वाईनला ताटाशेजारी बसवताना

आपल्याकडे मित्रमंडळींना रात्री घरी बोलावले की ‘बसणे’ आणि ‘जेवणे’ ही दोन वेगळी कामे ठरतात. आठ वाजता पेले निघतात, शेंगदाणे, चिवडा आणि मसाला पापड फिरू लागतात, आणि साडेदहा-अकराला कोणीतरी ‘चला, आता पाने घ्या’ म्हणेपर्यंत निम्म्यांची भूक चकण्यावरच भागलेली असते. ज्या मटणासाठी घरातले माणूस दुपारपासून राबलेले असते, ते तिसऱ्यांदा गरम होऊन निमूटपणे संपवले जाते. व्हिस्की-रमच्या बाबतीत हा क्रम समजण्यासारखा आहे, कारण त्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेले असते आणि असे पेय वरणभाताशेजारी कोणी घेत नाही. वाईनमध्ये मात्र साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते आणि तिच्या अंगच्या आंबटपणाने प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ होते. ती जेवणाआधी उरकून टाकण्याची वस्तू नाही. जेवता जेवता ताक जसे घोटघोट घेतो, तशी ती घ्यायची असते. म्हणून ‘बसणे’ आणि ‘जेवणे’ यांच्यातली भिंत पाडणे हेच या प्रकरणातले मुख्य काम आहे आणि पुढच्या सगळ्या सूचना त्याच हेतूने दिलेल्या आहेत.

हे मला पहिल्याच वेळी कळले होते असे मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी मी पाच मित्रांना कोल्हापुरी बेतासाठी बोलावले, झणझणीत तांबडा रस्सा केला आणि त्याच्यासोबत दुकानातली त्यातल्या त्यात महाग अशी कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाईन उघडली. बाटल्या महिनाभर फ्रिजच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि दिवस एप्रिलचे होते. दोन घोटांनंतर सगळ्यांनी पाण्याचे तांबे जवळ ओढले. रस्सा होता त्याहून तिखट लागू लागला, वाईन कडू आणि गरम लागू लागली, आणि शेवटी दीड बाटली तशीच उरली. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या होत्या. चूक जोडी लावण्यात होती आणि त्याहून मोठी चूक तापमानात होती.

आधी बाहेर जेवताना सराव करावा

घरी सहा जणांना बोलावण्यापूर्वी एखाददुसऱ्या वेळी बाहेर जेवून जिभेला सवय लावणे स्वस्त पडते. दोघांनी जावे, पेल्यावर मिळणाऱ्या दोन वेगळ्या वाईन मागवाव्यात, एक पांढरी आणि एक लाल, आणि समोरच्या एकाच पदार्थाबरोबर दोन्ही आलटून पालटून चाखाव्यात. तळलेल्या पापलेटाचा एक घास, त्यावर एकीचा घोट; मग पुन्हा एक घास आणि दुसरीचा घोट. पुस्तकी माहितीने जे महिनोन्‌महिने कळत नाही ते या एका ताटलीत कळते. पेल्यावर वाईन मागवताना ‘बाटली केव्हा उघडली आहे?’ हे अवश्य विचारावे. काल किंवा आज असे उत्तर आले तर ठीक; वेटर आठवू लागला तर बिअर घ्यावी.

पूर्ण बाटली मागवली की ती आधी यजमानाला दाखवली जाते आणि मग त्याच्या पेल्यात घोटभर ओतली जाते. अनेकांना हा क्षण परीक्षेसारखा वाटतो आणि ते न चाखताच मान डोलावतात. येथे ‘तुम्हाला आवडली का?’ असा प्रश्न नसतो, ‘बिघडलेली तर नाही ना?’ एवढाच प्रश्न असतो. पावसाळ्यात भिजलेल्या रद्दीसारखा किंवा ओल्या पोत्यासारखा वास आला तर बुचाने वाईन बिघडवली आहे असे समजावे. व्हिनेगरचा किंवा कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा वास आला तर आत हवा गेली आहे. अशी बाटली परत करण्यात संकोच नसावा आणि आवाजही चढवू नये. वास एकदा वेटरला घ्यायला सांगावा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बुचाचा दोष येत नाही. अशी झाकणे स्वस्तपणाची खूण आहेत, हा समज आता सोडून द्यावा.

लाल वाईन आणली की बर्फाची बादली मागावी. वेटर एकदा चमकून पाहील, पण बाटली दहा मिनिटे बादलीत ठेवल्यावर तिच्यात पडलेला फरक त्यालाही पटेल. वाईन जेवणाबरोबरच आणायला सांगावी, नाहीतर आपल्या सवयीप्रमाणे ती सूप येण्यापूर्वीच संपते. बिल आले की जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. त्यात गोंधळून जाण्याचे कारण नाही, मद्य जीएसटीच्या बाहेर आहे एवढेच.

बाटली कोणती घ्यावी

महाराष्ट्रात राहणाऱ्याला यासाठी फार दूर पाहावे लागत नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात नारायणगावजवळ वाईन बनू लागली. राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात वाईनची द्राक्षे लावली, २००० साली त्यांच्या सुला या कंपनीच्या पहिल्या बाटल्या आल्या आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. आज दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत अनेक वायनरी आहेत आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली ही वायनरी आहे. नाशिकचा बागायतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना फळासाठीची गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात सहसा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होणारी तोडणी आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, जेव्हा दिवस उबदार आणि रात्री गार असतात.

या वेळापत्रकाचा ग्राहकाला थेट उपयोग आहे. बाटलीवर छापलेले वर्ष हे तोडणीचे वर्ष असते आणि फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाईन त्याच वर्षात दुकानात येऊ शकते. मध्यम किमतीची पांढरी किंवा गुलाबी वाईन जितकी ताजी तितकी चांगली. दोन वर्षांहून जुनी असेल तर मी ती घेत नाही. ‘जुनी वाईन म्हणजे उत्तम वाईन’ हे फार थोड्या बाटल्यांना लागू पडते आणि त्या बाटल्या आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात नसतात. दुकानात शिरल्यावर वाईन कुठे ठेवली आहे ते पाहावे. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये, मग ती कितीही नामांकित असो. बूच वर सरकलेले किंवा मानेशी चिकट ओघळ दिसला तर ती बाटली कुठेतरी उन्हात भाजून निघालेली आहे.

सहा जणांसाठी माझी निवड ठरलेली असते. एका बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच पेले असतात. माणशी अडीच पेले धरले तर तीन बाटल्या पुरतात आणि चौथी न उघडता बाजूला ठेवावी. तिघींपैकी दोन पांढऱ्या असाव्यात: एक सोव्हिन्यों ब्लां, जिला हिरव्या मिरचीच्या सालीचा आणि ताज्या गवताचा वास असतो, आणि एक शेनिन ब्लां, जी किंचित गोडसर मिळते. तिसरी शिराझ ही लाल, तीही कमी तुरट आणि ओक लाकडाच्या पिंपात फार न मुरवलेली. गोव्याहून आणलेली गोड ‘पोर्ट’ अनेक घरांत वाईन म्हणून ओळखली जाते; तिची स्वतःची गंमत आहे, पण जेवणाबरोबर ती घेऊ नये.

थंडावा

लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला ज्या देशांत निघाला तिथल्या खोल्या थंड असतात. आपल्या बैठकीच्या खोलीत मार्चनंतर तीस अंश सहज असतात आणि त्या तापमानाला लाल वाईनमधला अल्कोहोल नाकात शिरतो, फळाचा वास हरवतो. लाल वाईन १६ ते १८ अंशांना आणि पांढरी ८ ते १० अंशांना चांगली लागते. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून घड्याळ वापरावे: लाल बाटली पाहुणे येण्यापूर्वी सव्वा-दीड तास फ्रिजमध्ये आडवी ठेवावी, पांढऱ्या बाटल्या सकाळीच ठेवून द्याव्यात. विसर पडलाच तर बादलीत बर्फ घालावा, तो बुडेल इतके पाणी ओतावे आणि मूठभर मीठ टाकावे. मिठाने बर्फाचे पाणी शून्याच्या खाली उतरते आणि पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. पाण्यावाचून नुसत्या बर्फात बाटली खोचून उपयोग नाही, कारण खड्यांच्या मधल्या फटींत हवाच असते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली फुटते, हे मी एकदा पुसून काढलेले आहे.

पेले वाईनचेच हवेत असा आग्रह नाही, पण साबणाचा किंवा कपाटाचा वास असलेला पेला वाईन मारून टाकतो. दुपारी गरम पाण्याने खळबळून, पालथे न घालता उभे ठेवून वाळवावेत. पेला तिसरा हिस्साच भरावा. काठोकाठ भरला की वासाला जागा राहत नाही आणि वाईन हातात तापते. त्या दिवशी संध्याकाळी उदबत्ती लावू नये. घरात हिंगाची फोडणी, उदबत्ती आणि मोगऱ्याचा गजरा एकत्र आले तर सोव्हिन्यों ब्लांचा वास कोणाला येणार?

मराठी जेवणात काय जमते, काय जमत नाही

मिरचीतला जाळ आणि अल्कोहोलची ऊब जिभेला जवळजवळ सारखीच जाणवते आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात. त्यात लाल वाईनचा तुरटपणा आला की, कोरा चहा फार उकळल्यावर जिभेला जशी कोरड पडते, तशी कोरड तिखटावर चढते. म्हणून माझी पहिली बाटली कडू लागली. तिखट जेवणाला गार आणि किंचित गोडसर वाईन शमवते. तुरट आणि तेज वाईन भडकवते. याचा अर्थ मिळमिळीत जेवण करावे असा नाही. रंग हवा असेल तर ब्याडगी मिरची घ्यावी, जी लाल जर्द रंग देते पण लवंगीसारखी जाळत नाही, आणि तिखटाऐवजी मसाल्याच्या वासावर भर द्यावा. गोडा मसाला, भाजलेले खोबरे, तीळ, दगडफूल यांची वाईनशी चांगली मैत्री होते. ठेचा आणि लोणचे मात्र पानात वाढू नये. ज्याला हवे त्याने पेला रिकामा झाल्यावर मागून घ्यावे.

आंबटाचा नियम सोपा आहे. पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट असला तर वाईन पाणचट लागते. चिंचेची आमटी, आमसुलाचे सार, लिंबू पिळलेली कोशिंबीर यांच्याजवळ कोणतीच वाईन टिकत नाही. सोलकढी मला सोडवत नाही, म्हणून ती मी शेवटच्या भाताबरोबर, पेले उचलल्यानंतर आणतो. याउलट मीठ वाईनला हात देते, आणि तेल-तूप-नारळाचे दूध यांना पांढऱ्या वाईनचा आंबटपणा कापत जातो. खमंग तळलेली कोथिंबीर वडी आणि गार सोव्हिन्यों ब्लां यांच्याइतकी बिनचूक जोडी मला अजून सापडलेली नाही, कारण कोथिंबिरीचा हिरवा वास दोघींकडेही असतो. साबुदाणा वडा असेल तर फसफसणारी वाईन काढावी.

मासे आणि लाल वाईन यांचा मेळ का बसत नाही, हा प्रश्न नेहमी येतो. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तुरट लाल वाईन घेतली की तोंडात लोखंडी चव येते. तसा अनुभव एकदा घेऊन पाहायला हरकत नाही, पण पाहुण्यांवर प्रयोग करू नये. रव्यात घोळवून तव्यावर भाजलेली सुरमई आणि शेनिन ब्लां हा बेत निर्धोक आहे.

एक किलो मटणात दोन पदार्थ

वाईनसोबतच्या कोल्हापुरी बेतात लोक तांबड्या रश्श्याकडे धावतात आणि पांढऱ्याला तोंडी लावण्यापुरता मान देतात. मला हा अन्याय वाटतो. पांढरा रस्सा सौम्य असतो, त्यात नारळाच्या दुधाचा गुळगुळीतपणा आणि खड्या मसाल्याचा वास असतो, आणि शेनिन ब्लांबरोबर तो असा बसतो की तो वाईनसाठीच शोधला असावा असे वाटते. शिवाय एकाच मटणाच्या आळणी पाण्यातून रस्सा आणि मांसातून सुके मटण निघते, त्यामुळे श्रम वाचतात.

हाडांसकट एक किलो मटण धुऊन त्याला दोन चमचे आले-लसणाचे वाटण आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवावे. हळद घालू नये, रश्श्याचा रंग जातो. कुकरमध्ये तुपावर एक चिरलेला कांदा मऊ करून, लाल होऊ न देता, त्यावर मटण परतावे, दीड लिटर गरम पाणी घालून मांस हाडापासून सुटण्याच्या बेतात येईपर्यंत शिजवावे. मटण कोवळे असेल तर पाच-सहा शिट्ट्या पुरतात. पाणी गाळून बाजूला काढावे, हेच आळणी. हे काम आदल्या रात्रीही करता येते आणि मला तेच पसंत आहे, कारण फ्रिजमध्ये चरबी वर जमते आणि जास्तीची चमच्याने उचलता येते.

दोन मोठे चमचे खसखस आणि तेवढेच पांढरे तीळ तासभर कोमट पाण्यात भिजवावेत, त्यात बारा-पंधरा काजू घालून सगळे गंधासारखे बारीक वाटावे. खसखस कचकचीत राहिली तर रस्सा वाळूसारखा लागतो, म्हणून येथे मिक्सरला घाई करू देऊ नये. एका मोठ्या नारळाचे पहिले दाट दूध एक वाटी आणि दुसरे पातळ दूध दीड वाटी काढून वेगवेगळे ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप मंद तापवून दोन बोटे दालचिनी, चार लवंगा, तीन वेलदोडे, आठ-दहा मिरे आणि दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाकाव्यात. मिरचीचा वास सुटला की वाटण घालावे आणि ते सतत हलवत चार-पाच मिनिटे परतावे. वाटण तळाला धरू लागले तर आळणीचा एक डाव घालावा. कच्चा वास गेला की सव्वा लिटरच्या आसपास निघालेले आळणी पाणी आणि पातळ दूध घालून दहा मिनिटे उकळू द्यावे. दाट दूध शेवटी, आच अगदी कमी करून घालावे आणि त्यानंतर रस्सा उकळू देऊ नये, नाहीतर दूध फाटून वर दाणे दिसू लागतात. काठाशी बुडबुडे थरथरू लागले की आच बंद करावी. मीठ याच वेळी चाखावे, त्याआधी नाही, कारण आळणीत मीठ असतेच.

सुक्यासाठी दोन कांदे तेलात तांबूस करावेत, अर्धी वाटी सुके खोबरे, दोन चमचे धने आणि भिजवलेल्या आठ ब्याडगी मिरच्या भाजून वाटलेला मसाला त्यावर तेल सुटेपर्यंत परतावा, एकच लहान चमचा कांदा-लसूण मसाला घालावा आणि शिजलेले मटण त्यात टाकून वाटण अंगाला लागेपर्यंत हलवावे. याच्यासोबत थंड शिराझ काढावी.

मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळा, दुय्यम स्वयंपाक होऊ देऊ नये. गोड्या मसाल्याची भरली वांगी सगळ्यांच्याच पानात वाढावीत. शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचे सारण शिराझलाही चालते आणि शेनिनलाही. चिंच निम्मी करावी, गूळ आहे तेवढा राहू द्यावा.

संध्याकाळ कशी लावावी

यजमानाने ताटावरून उठू नये, यासाठी बेत आखायचा असतो. आपल्याकडे गरम भाकरीच्या हट्टापायी एक माणूस, बहुधा एक बाई, सगळी रात्र तव्याशी उभी राहते आणि बाहेर हसण्याचे आवाज येत राहतात. मला ते पटत नाही. ज्वारीच्या भाकऱ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून सांगून आणाव्यात, फडक्यात गुंडाळून झाकून ठेवाव्यात, किंवा भाकरीचा मोह सोडून साधा भात करावा. आंबेमोहोराचा भात, पांढरा रस्सा आणि सुके ही पंगत भाकरीवाचून अडत नाही.

पाहुण्यांना साडेसातची वेळ द्यावी, आठपर्यंत जमतील. तोवर चिवडा आणि शेंगदाण्याच्या वाट्या मुद्दाम कपाटातच ठेवाव्यात. कोथिंबीर वडी दुपारी वाफवून कापलेली असते, ती आता तळून आणावी आणि पहिली बाटली उघडावी, तीही टेबलाशी, म्हणजे लोक आपोआप टेबलाकडे येतात. माणशी तीन वड्यांवर थांबावे. पावणेनऊला सगळ्यांची पाने घ्यावीत आणि रस्सा वाट्यांतून आधी एकटाच द्यावा, सोबत शेनिन. सुके, वांगी आणि भात त्यानंतर यावा. घासाआधी घोट, की घोटाआधी घास, असे धडे पाहुण्यांना देऊ नयेत. बाटलीचे वर्णन दोन वाक्यांत आटपावे. पाण्याचे तांबे भरलेले असावेत, जेवढी वाईन तेवढेच पाणी प्रत्येकाच्या पोटात जायला हवे.

आग्रह हा आपल्या पंगतीचा धर्म आहे, पण तो जिलबीला लागू आहे, वाईनला नाही. ‘अजून अर्धा पेला, माझी शपथ’ असे म्हणू नये आणि न पिणाऱ्याला कारण विचारू नये. त्याच्यासाठी कोकम सरबत त्याच प्रकारच्या पेल्यात, तेवढ्याच थंडाव्याने द्यावे, म्हणजे त्याच्या हातातला पेला वेगळा दिसत नाही. गाडी कोण चालवणार हे दाराशी नव्हे, पहिल्या बाटलीच्या वेळीच ठरवून घ्यावे. घरात वडीलधारी असतील तर त्यांना आधी विचारावे. माझ्या आईने ‘तुम्ही घ्या, मला फक्त रस्सा आधी वाढा’ असे सांगून प्रश्न मिटवला होता.

गोडाच्या बाबतीत मी हट्टी आहे. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि रिकामी लागते, आणि आपले बहुतेक गोड पदार्थ कोणत्याही वाईनला हरवतात. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन मिळते. ती कमी साखरेच्या, चक्का घट्ट बांधलेल्या केशरी श्रीखंडाबरोबर निभावते, पुरणपोळीबरोबर मात्र निभावत नाही. बहुतेक वेळा मी पेले उचलतो, सोलकढी आणि भाताचा शेवटचा घास होऊ देतो आणि श्रीखंड एकटेच वाढतो.

रात्री उरलेल्या बाटलीचे झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी, लालसुद्धा. पांढरी तीन दिवस आणि लाल दोन दिवस बरी राहते. त्यानंतर शिराझ उरली असेल तर पुढच्या वेळी सुके मटण परतताना मसाल्याला तेल सुटल्यावर अर्धा पेला घालावा आणि वास उडेपर्यंत मोठ्या आचेवर आटवावा. पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी गरम करताना पातेले थेट विस्तवावर ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तो कोमट करावा आणि शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर ओतून, उभ्या उभ्या, स्वयंपाकघरातच खावा.